अडतीस ‘नाही’ आणि एक ‘हो’

माझी मावशी लिओटा वॉडेल हिने उभ्या संसारात एकच मोठी गोष्ट नवऱ्याला न सांगता केली. तीही स्वतःच्याच घराच्या पुढच्या खोलीत, कापडी पडद्याआड, सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. १९६० सालच्या नोव्हेंबरातली ती सकाळ होती, आणि लॉर्टनमधलं पहिलं मत तिचं होतं.

लॉर्टनला शाळेची एक खोली होती, पण तिचं छत गळायचं, म्हणून मतदान वीसेक वर्षं मावशीकडेच होत आलं होतं. जिल्ह्याच्या कचेरीतून आदल्या दिवशी लाकडी खोका यायचा. त्यात घडीचा पडदा, मतपेटी, फुलीचे रबरी शिक्के आणि शाईची गादी. मावशी जेवणाचं टेबल भिंतीला लावायची, सोफा मागच्या खोलीत ढकलायची आणि ओसरीच्या खांबाला झेंडा बांधायची. ती केंद्रप्रमुख होती. दुकान आणि पोस्ट चालवणाऱ्या बर्था पार्डी आणि मी, आम्ही तिच्या हाताखाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि माझं अक्षर बरं होतं, एवढीच माझी लायकी.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती, पण लॉर्टनमध्ये तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. बोलणं होतं ते पहिल्या प्रस्तावाबद्दल. राज्य सरकारला पाणी साठवायला आणि वाहून न्यायला पावणेदोन अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढायचे होते आणि त्यासाठी लोकांची परवानगी हवी होती. हो किंवा नाही. ‘हो’ झालं तर आमच्या नदीवर धरण होणार, आणि ते झालं की लॉर्टनची शाळा, दुकान, नासपतीच्या बागा, झाडून सगळं पाण्याखाली जाणार. पाणी जाणार पाचशे मैल दक्षिणेला.

“तिकडच्या लोकांना अंगणात हिरवळ हवी,” अर्विनकाका म्हणायचे. “वाळवंटात घर बांधायचं आणि मग गवत उगवत नाही म्हणून रडायचं.”

अर्विनकाका म्हणजे मावशीचे यजमान. आमच्या खोऱ्यातली ‘नाही’ची सगळी चळवळ त्यांच्या अंगावर होती. कुंपणावर पाटी त्यांची, सभेला खुर्च्या त्यांच्या, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातली पत्रं त्यांची. ती पत्रं मावशी शुद्धलेखन तपासून द्यायची. पण मतदान केंद्रापासून शंभर फुटांच्या आत प्रचार चालत नाही, आणि केंद्र त्यांच्याच घरात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी काका दोरी घेऊन स्वतःच्या दारापासून शंभर फूट मोजत गेले. पाटी उपटून गोठ्याच्या पलीकडे रोवली.

“चौतीस वर्षं झाली लग्नाला,” ते म्हणाले, “आणि आज बायको मला घराबाहेर काढते आहे, तेही सरकारी पगारावर.”

“दिवसाचे सोळा डॉलर मिळतात मला,” मावशी म्हणाली. “तुला काढायला फुकटही तयार होते.”

दोघं हसली. मी तिथेच शिक्के मोजत होते. पाच वर्षांत त्या घरात मी फार वेळा हसू ऐकलं नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं.

पाच वर्षं म्हणजे विल्मा गेल्यापासून. विल्मा त्यांची एकुलती मुलगी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती साठ मैल खाली, नदीकाठच्या गावात राहायला गेली होती. पंचावन्नच्या नाताळात आठवडाभर कोसळत होतं, डोंगरावरचा बर्फही वितळला, आणि खालच्या गावाचा मातीचा बांध फुटला. विल्मा आणि तिचा सात महिन्यांचा टेडी स्वयंपाकघरात सापडले. जावई त्या वेळी बांधावर वाळूची पोती टाकत होता. तो वाचला, आणि वर्षभरात दुसऱ्या राज्यात निघून गेला. त्याला कुणी बोल लावला नाही.

साठच्या उन्हाळ्यात शाळेत सरकारी अभियंत्याची सभा झाली. लोक त्याच्यावर तुटून पडले. काकांनी तर त्याला विचारलं, “तुमच्या आईचं घर कुठे आहे? तिथे बांधा की.” सगळं शांत झाल्यावर मावशी उभी राहिली. मला वाटलं, ती बागेच्या मोबदल्याचं काही विचारणार.

तिने विचारलं, “पंचावन्नला वर धरण असतं, तर खालचा बांध फुटला असता का?”

तो तरुण माणूस होता, त्याला ती कोण हे माहीत नव्हतं. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, “नाही मॅडम. ते पाणी वरच अडलं असतं.”

मावशी “आभारी आहे” म्हणाली आणि खाली बसली. काका शेजारीच होते. त्यांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

तर त्या मंगळवारी लॉर्टनच्या एकोणचाळीसच्या एकोणचाळीस जणांनी मत दिलं. कंबर मोडलेल्या हॅरिएट कोल यांना खुर्चीसकट उचलून आणलं. केंद्र बंद झाल्यावर आम्ही मोजायला बसलो. मावशी एकेक मतपत्रिका उघडून वाचायची, बर्थाबाई खांद्यावरून बघायच्या आणि मी खुणा करायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पहिल्या प्रस्तावाला ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ असं चाललं होतं. मधेच मावशी म्हणाली, “हो.”

बर्थाबाई वाकल्या. “हो? नीट बघ, लिओटा. शाई उमटली असेल घडीवरून.”

“शाई नाही. चौकटीत नीट शिक्का आहे,” मावशी म्हणाली. “नेल्डा, लिही.”

मी लिहिलं. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. स्वतःचंच मत ती वाचते आहे हे मला पुढे सहा वर्षांनी तिच्याच तोंडून कळलं.

निकालाची एक प्रत केंद्राच्या दारावर लावावी लागते. नऊच्या सुमाराला मावशीने ती चार टाचण्यांनी स्वतःच्या दारावर लावली. ओसरीवर लोक थांबलेच होते. कंदील वर धरून काकांनी वाचलं. पहिला प्रस्ताव, हो एक, नाही अडतीस.

मोठ्या शहरात एका मताला कोण विचारतो? पण एकोणचाळीस माणसं एकमेकांना नावानं ओळखत असली की ते एक मत म्हणजे चोरी होते. लोक एकमेकांचे चेहरे बघत राहिले, मग टोप्या घालून निघून गेले.

दोन दिवसांनी राज्याचा कौल कळला. साठ लाखांच्या आसपास मतं पडली होती आणि प्रस्ताव थोडक्यात तरला होता. आमचं एक मत इकडचं तिकडे झालं असतं तरी काही बदलत नव्हतं. हे सगळ्यांना कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

ओटिस ब्रॅनमचं नाव पहिल्यांदा दुकानात निघालं. ओटिस आमचा पाटकरी. सोन्याच्या खाणींच्या काळातला जुना पाट डोंगराच्या कडेने खोऱ्यात यायचा, त्याच्यावर सगळ्या बागा. एप्रिल ते ऑक्टोबर ओटिस रोज फावडं खांद्यावर टाकून सहा मैल चालायचा, ज्याची पाळी असेल त्याचं पाण्याचं दार चाक फिरवून उघडायचा, दुसऱ्याचं बंद करायचा. पन्नाशीचा, एकटा, बोलायला मंद. पाण्याच्या पाळीवरून वीस वर्षांत त्याच्यावर कुणाला संशय घ्यावा लागला नव्हता. पण त्याआधीच्या दोन उन्हाळ्यांत पाटाचं काम उरकल्यावर त्याने धरणाची जागा मोजणाऱ्या सरकारी लोकांची मोजसाखळी धरली होती, मजुरीवर. कारण त्यांना डोंगराच्या वाटा माहीत नव्हत्या आणि त्याला होत्या.

“सरकारचा पगार कुणी खाल्ला ते सगळ्यांना माहीत आहे,” असं दुकानात कुणीतरी म्हणालं. ते कुणीतरी म्हणजे अर्विनकाका. मी टपालाची तिकिटं घ्यायला गेले होते आणि ऐकलं.

ओटिस त्याच शनिवारी मावशीकडे आला. मी आणि मावशी स्वयंपाकघरात नासपती सोलत होतो, बरण्या भरायच्या होत्या. त्याने टोपी हातात घेतली आणि दारातच उभा राहिला.

“मिसेस वॉडेल, तुम्ही सगळी मतं बघितलीत.”

“बघितली.”

“ते माझं नव्हतं.”

मावशी सोलत राहिली.

“लोक बोलतात,” तो म्हणाला. “मला बोलता येत नाही त्यांच्यासारखं. तुम्ही नुसतं सांगितलंत की ओटिसचं नव्हतं, तर ऐकतील. तुमचं ऐकतात.”

“मतपत्रिकेवर नाव नसतं, ओटिस.”

“ते मलाही माहीत आहे.”

“मग कुणाचं होतं आणि कुणाचं नव्हतं, हे मी कसं सांगणार? मी शपथ घेतली आहे. कायदा आहे.”

त्याने टोपीची कड बोटांनी फिरवली. मग म्हणाला, “कायदा आहे म्हणता, म्हणजे असेल,” आणि गेला. मावशीने त्या दिवशी एकोणीस बरण्या भरल्या. एकीत साखर घालायची राहिली ते तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

तुम्ही म्हणाल, का नाही सांगितलं तिने? मीही तिला विचारलं होतं, पुढे. ती म्हणाली, “अर्विनच्या आजोबांनी लावलेली झाडं होती गं ती. जे घर तो वाचवायला बघत होता त्याच घरात बसून मी ‘हो’ म्हटलं. हे कळून तो जगला असता का? आणि मला वाटलं, लोक विसरतील.”

लोक विसरले नाहीत. कुणी ओटिसला शिवी दिली नाही, त्याला कामावरून काढलं नाही. आमच्याकडे असलं काही करत नाहीत. आमच्याकडे पाटकऱ्याचा कप असतो. ज्या दिवशी ज्याची पाळी, त्याने कुंपणाच्या खांबावर पाटकऱ्यासाठी कॉफीचा कप ठेवायचा, वर बशी झाकून, बशीत एखादं बिस्किट किंवा केकचा तुकडा. पाणी देऊन झालं की तो उभ्या उभ्या पितो, घरातलं कुणीतरी येऊन दोन शब्द बोलतं, आणि तो पुढे जातो. एकसष्टच्या एप्रिलात पाट सुटला आणि एक सोडून एकाही खांबावर कप नव्हता. पाळीचा निरोप चिठ्ठीवर लिहून पाटाच्या दाराच्या चाकाला बांधून ठेवायचे. चौदा बागा, तेरा चिठ्ठ्या.

मावशीने मात्र कप ठेवला. काकांनी बघितलं आणि ते गोठ्याकडे निघून गेले. मी त्या दिवशी तिच्याकडेच होते. ओटिसने पाणी सोडलं, चाक आवळलं, कपाकडे बघितलं आणि फावडं उचललं.

मावशी ओसरीवरून उतरून गेली. “ओटिस, कॉफी गार होईल.”

“सगळ्यांनी ठेवली तर घेईन, मिसेस वॉडेल.”

“माझी तरी घे.”

“एकट्या तुमची घेतली तर तुम्ही दया केलीत असं होईल. दया कशाची? मी तर काही केलं नाही.”

तो गेल्यावर तिने ती कॉफी कुंपणाखाली ओतली. दुसऱ्या पाळीला पुन्हा कप ठेवला. अख्खा उन्हाळा ठेवला, आणि अख्खा उन्हाळा ओतला.

पुढच्या वसंतात ओटिस आलाच नाही. पाटाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाकडे दारांच्या किल्ल्या ठेवून तो खालच्या गावी गेला, कुठल्याशा खाणावळीच्या वरच्या खोलीत राहायला. त्याच्या जागी कुणी मिळालं नाही, आणि दोन वर्षांत सरकारने बागा घ्यायला सुरुवात केली तशी गरजही उरली नाही. एकेक घर रिकामं होत गेलं. कुणी मुलीकडे गेलं, कुणी किनाऱ्याकडे. हॅरिएट कोल निघायच्या आदल्या आठवड्यात वारल्या. काकांनी सगळ्यात शेवटी सही केली. झाडं तोडायला सरकारी माणसं आली तेव्हा ते बघायला थांबले, मावशी गाडीत बसून राहिली. पासष्टमध्ये ती दोघं वरच्या अंगाला, हमरस्त्यावरच्या गावात, दोन खोल्यांच्या नव्या घरात गेली. तिथे काकांना करायला काही नव्हतं. ते सकाळी उठून बूट घालायचे आणि खुर्चीत बसायचे.

सदुसष्टच्या फेब्रुवारीत बर्था पार्डींचं पत्र आलं. खूप गोष्टींच्या शेवटी एक ओळ होती, की तो ओटिस ब्रॅनम गेला म्हणे, न्यूमोनियाने, जिल्ह्याच्या खर्चाने पुरला.

मी त्या दिवशी तिथे नव्हते. हे मावशीने सांगितलेलं आहे, आणि तिने कधी तिखटमीठ लावलं नाही म्हणून जसंच्या तसं सांगते. काका जेवत होते. वाल आणि मक्याचा पाव होता. मावशीने पत्र वाचून दाखवलं, घडी घातली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “अर्विन, ते मत माझं होतं.”

काकांनी पाव खाली ठेवला. “माहीत आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“त्याच सकाळपासून. तू पडद्याबाहेर आलीस, माझी कॉफी गोठ्यात आणून दिलीस आणि माझ्याकडे न बघता गेलीस. दारावरचा कागद वाचला तेव्हा नक्की झालं.”

“मग तू ओटिसचं नाव…”

“मी घेतलं. पहिलं मीच घेतलं.”

“माहीत असताना?”

“माहीत होतं म्हणूनच.” काका टेबलाकडे बघत बोलत होते. “मला राग आला होता, लिओटा. कुणावर तरी काढायचा होता. तुझ्यावर कसा काढू? तू विल्मासाठी दिलंस ते मत. मला ते ‘हो’ देता आलं नाही, माझी मुलगी असून. मग रोज तुझ्याकडे बघून मी काय केलं असतं? तो एकटा होता. त्याच्या मागे कुणी नव्हतं. मला वाटलं, याला फारसं लागणार नाही.”

मावशी म्हणाली, “मी तुला वाचवायला गप्प बसले.”

“आणि मी तुला,” काका म्हणाले.

दोघांनी ते जेवण संपवलं. असं मावशी म्हणाली तेव्हा मला तिचा राग आला होता. आता मी स्वतः तेव्हाच्या तिच्या वयाची होत आले आहे, आणि मला माहीत आहे की जेवण संपवण्यावाचून माणसं दुसरं काय करतात.

त्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले, मावशीने मला हे सगळं सांगितलं, आणि काकांनी गाडी काढली. गाडी मी चालवते असं मी म्हटलं, कारण त्यांची नजर अधू झाली होती आणि खालच्या गावी जायचं होतं. विल्माच्या अंत्यविधीनंतर मावशी त्या गावात गेली नव्हती. नव्या हमरस्त्याचं एक वळण धरणाच्या काठावरून जातं. तोवर पाणी चढायला लागलं होतं, लॉर्टनच्या खालची नदीची वळणं बुडाली होती. मी गाडी हळू केली. काका म्हणाले, “थांबू नकोस.”

वाटेत मावशी म्हणाली, “लोकांना सांगायला हवं.”

“कुणाला सांगतेस?” काका म्हणाले. “कोलचा मुलगा ऑरेगॉनला. बर्था बहिणीकडे. बाकीच्यांचे पत्ते कुठे आहेत आपल्याकडे?”

“बर्थाला लिहीन.”

“लिही.”

तिने लिहिलं, हे मला माहीत आहे. बर्थाबाईंनी उत्तरात हवापाणी कळवलं आणि त्या गोष्टीबद्दल अवाक्षर लिहिलं नाही.

जिल्ह्याची दफनभूमी गावाबाहेर, फळं डबाबंद करण्याच्या कारखान्याच्या मागे होती. रखवालदार मेक्सिकन म्हातारा होता, मिस्टर ओरोपेझा, अतिशय सभ्य. त्याने वही उघडली, बोट फिरवलं. नावाच्या पुढे रांग आणि आकडा होता.

“तुम्ही त्यांचे कोण?” त्याने विचारलं. “नातेवाइकांची नोंद करतो मी. कुणी आलं नव्हतं ना, म्हणून.”

काकांनी वहीतल्या त्या आकड्याकडे बघितलं. मग म्हणाले, “शेजारी.”

त्याने ‘शेजारी’ असं लिहून घेतलं. पाऊस झाल्यामुळे चिखल होता, तो पुढे आणि आम्ही तिघं मागे. पत्र्याच्या छोट्या खुंट्यांची रांग होती, त्यातल्या एकीशी तो थांबला आणि टोपी काढली. खुंटीवर नुसता आकडा होता. काकांनीही टोपी काढली. वारा होता, त्यांचे विरळ केस उडत होते, आणि टोपीची कड ते बोटांनी फिरवत होते.

मावशी काकांकडे वळली नाही, माझ्याकडेही नाही. ती रखवालदाराकडे वळली.

“यांनी ‘नाही’ दिलं होतं,” ती म्हणाली.

“काय, मॅडम?”

“मत. या माणसाने ‘नाही’ला मत दिलं होतं. बाकीच्यांसारखंच.”

त्याला काही कळलं नाही, पण तो समजूतदार होता. “हो का,” तो म्हणाला. “कशावर होतं मत?”

“पाण्यावर.”

“अच्छा,” मिस्टर ओरोपेझा म्हणाला. मग त्याने मावशीला दाखवलं, की त्या कडेला जमीन उंच आहे, तिकडे पाणी साचत नाही, आणि नातेवाइकांनी अर्ज केला तर कबर तिकडे हलवता येते. शेजाऱ्यांचा अर्ज मात्र चालत नाही.